लाकडी फ्रेमचा गॉगल साफ करताना: पाणी कुठे, तेल कुठे आणि आधी काय

लाकडी फ्रेमचा गॉगल वापरून कमी आणि साफ करून जास्त बिघडतो. कुणी तो सरळ नळाखाली धरतं, कुणी घरातल्या कपाटाला मारायचं पॉलिश त्यालाही फासतं. काचेवरची धूळ कोरडीच घासली तर ओरखडे पडतात, म्हणून काचेला थोडं पाणी लागतं. लाकडात पाणी शिरलं तर ते फुगतं. लाकडाला कधी कधी तेल लागतं, आणि तेच तेल काचेवर गेलं की दिवसभर पुसत बसावं लागतं. अशा गोष्टी एकाच वस्तूत असल्यामुळे इथे क्रमाला महत्त्व आहे: आधी कोरडी धूळ, मग बिजागरी, मग लाकूड, मग काच, मग वाळवण. तेल लावायचंच असेल तर ते दुसऱ्या दिवशी.

पुढे ‘काडी’ म्हणजे कानावर जाणारी दांडी. ‘काच’ म्हणजे लेन्स, मग ती प्लास्टिकची का असेना.

## हात लावण्याआधी: तुमच्याकडे नेमकं काय आहे?

लाकडी म्हणून विकले जाणारे गॉगल सगळे एका जातीचे नसतात. काहींची फ्रेम अखंड तुकड्यातून कापलेली असते. काहींची पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली असते, कडेला पाहिलं की प्लायवूडसारखे पदर दिसतात. काहींचा पुढचा भाग ॲसिटेटचा (चष्म्याच्या फ्रेमला वापरतात ते प्लास्टिक) किंवा धातूचा असतो आणि फक्त काड्या लाकडाच्या. आणि काही निव्वळ प्लास्टिकचे असतात, वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. स्वस्तात मिळाला असेल तर हा शेवटचा संशय आधी फेडून घ्या. कानामागे जाणारं काडीचं टोक उजेडात धरा. खऱ्या लाकडात रेषा कडेवरून वळून पुढे जातात आणि कापलेल्या टोकाला बारीक छिद्रांची जाळी दिसते. छापील रेषा कडेला तुटते. छापील निघाला तर साबणपाण्याने धुवा आणि मोकळे व्हा, पुढचं काही वाचायची गरज नाही.

लाकूड खरं असेल तर ते ‘उघडं’ आहे की ‘बंद’, हे ठरवा. उघडं म्हणजे फक्त तेल किंवा मेण मुरवलेलं. बंद म्हणजे वर लॅकर, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लाखेच्या पॉलिशचा थर असलेलं. काडीच्या आतल्या बाजूला, कानाजवळ, टूथपिकने पाण्याचा एक बारीक थेंब ठेवा आणि दोन मिनिटांनी टिपून घ्या. तिथे गडद डाग राहिला तर लाकूड उघडं. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर बहुधा बंद. बहुधा अशासाठी की नुकतंच मेण लावलेल्या उघड्या लाकडावरही थेंब उभा राहतो. शंका असेल तर त्याच आतल्या बाजूला नखाने हलकेच खरवडा. नखात मेणचट पापुद्रा आला तर ते मेण आहे.

इशारा: ही चाचणी टाळून थेट तेल लावणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. बंद लाकडात तेल शिरतच नाही. ते वर बसतं, धूळ धरतं आणि काही आठवड्यांत फ्रेम चिकट होते. मग लोक ‘लाकूड खराब झालं’ म्हणतात.

आता काच. मोबाइलवर पांढरा पडदा लावा, गॉगलमधून पाहत गॉगल हळूहळू 90 अंशांत फिरवा. मधेच एका कोनात पडदा काळवंडला तर काच पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारी आहे. अशा बऱ्याच काचा पातळ थर जोडून केलेल्या असतात आणि कडेतून पाणी शिरलं की थर सुटू लागतात. आधी कडेला पांढुरकी किनार येते, पुढे बुडबुडे. त्यावर उपाय नाही, काच बदलणं एवढंच.

शेवटची चाचणी रंगाची. काळ्या किंवा गडद तपकिरी फ्रेमवर आतून ओलसर कापसाची काडी फिरवा. कापसाला रंग लागला तर लाकूड नैसर्गिक गडद नाही, रंगवलेलं आहे आणि रंग पक्का नाही. अशी फ्रेम फक्त कोरडी पुसायची.

## तयारी

टेबलावर जाड टॉवेल अंथरा. निसटला तर गॉगल फरशीवर पडू नये, शिवाय सुटलेला स्क्रू टॉवेलवर सापडतो. मग एवढं जवळ घ्या:

- तीन मायक्रोफायबर कापडं. एक लाकडाचं, दोन काचेचे. कोपऱ्यावर पेनाने खूण करा.
- मऊ केसांचा रुंद ब्रश (मेकअपचा चालतो, पण कोरा हवा) आणि कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा.
- टूथपिक, कापसाच्या काड्या, जुना पण कोरडा टूथब्रश.
- वाटीभर आरओचं पाणी आणि त्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एकच थेंब. दुसऱ्या वाटीत नुसतं पाणी. बोअरचं जड पाणी वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके सोडतं.
- चष्म्याचा छोटा स्क्रूड्रायव्हर.

मायक्रोफायबर कापडं धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका. तो धाग्यांवर बसतो आणि पुढच्या वेळी काचेवर तेलकट पट्टे उठतात. मग दोष काचेला दिला जातो.

काय जवळ ठेवायचं नाही, तेही सांगतो. आरसे पुसायचा निळा स्प्रे नको. अशा स्प्रेंमध्ये बरेचदा अमोनिया असतो आणि तो काचेवरच्या कोटिंगला खातो. हँड सॅनिटायझर नको. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून केलेलं असतं, तेव्हा सॅनिटायझर लागला की ते परत मऊ पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर खोलीबाहेरच ठेवा, त्यातल्या ॲसिटोनने ॲसिटेटची फ्रेम आणि पॉलिकार्बोनेटची काच दोन्ही जातात. टूथपेस्टने काचेवरचे ओरखडे जातात असं सांगणारे अजून भेटतात. टूथपेस्ट मुळात घासण्यासाठीच केलेली असते. ती ओरखडा घालवत नाही, त्याच्याभोवतीचं कोटिंग घालवते.

## टप्पा 1: कोरडी धूळ

काड्या पूर्ण उघडा. फुग्याने आधी काचेवर, मग काच आणि फ्रेमच्या सांध्यावर, मग बिजागरीत हवा मारा. त्यानंतर ब्रश वरून खाली फिरवा. अजून कापड घ्यायचं नाही. समुद्रावरून किंवा बाइकवरून आल्यावर काचेवर वाळूचे आणि मिठाचे बारीक कण असतात. त्यावर कापड फिरवणं म्हणजे ते कण काचेवर रगडणं. तोंडाने वाफ सोडून शर्टाला किंवा पदराला पुसायची सवय इथेच नडते.

पकड बघा. ज्या भागावर काम चालू आहे तोच भाग धरायचा. उजवी काडी पुसताना डाव्या काचेची कड धरली की सगळा जोर नाकावरच्या पुलावर आणि बिजागरीवर येतो. प्लास्टिक तिथे वाकून घेतं. लाकूड वाकत नाही, चिरतं.

## टप्पा 2: बिजागरी आणि स्क्रू

हा टप्पा सगळे गाळतात. बिजागरीत घाम, डोक्याचं तेल आणि धूळ यांचा लगदा बसलेला असतो. पितळ किंवा तांब्याचा अंश असलेल्या बिजागरीवर हिरवट कळकही दिसेल. टूथपिकने तो सुटा करा, कोरड्या टूथब्रशने झाडा. आधी पाणी लावलं तर हाच लगदा पातळ होऊन शेजारच्या लाकडात उतरतो आणि बिजागरीभोवती काळं वर्तुळ कायमचं राहतं.

स्क्रू सैल असेल तर हळूहळू फिरवा. थोडा विरोध जाणवला की थांबा. धातूच्या फ्रेमवर चालतो तेवढा जोर इथे नको. बिजागरी लाकडात बारीक स्क्रूंनी बसवलेली असेल तर जास्तीच्या पिळाने लाकडातले आटे जातात. बिजागरीचा मुख्य स्क्रू पुन:पुन्हा सैल होत असेल तर तो काढून त्याच्या आट्यांवर टूथपिकने पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका लावा. तो ओलसर असतानाच स्क्रू बसवा, बाहेर आलेलं लगेच टिपा.

इशारा: सैल बिजागरीला फेविक्विक लावू नका. त्याची वाफ जवळच्या काचेवर पांढरी साय धरते. ती पुसून निघत नाही.

## टप्पा 3: लाकूड

लाकडाचं कापड साबणपाण्यात बुडवून घट्ट पिळा. किती घट्ट? पिळलेलं कापड वर्तमानपत्रावर दाबा. कागदावर ओला डाग उमटला तर अजून पिळा. नुसता गारवा जाणवावा, इतकंच.

पुसायचं ते रेषांच्या दिशेने, एका वेळी एकच भाग: एक काडी बाहेरून, आतून, लगेच कोरड्या बाजूने टिपायची, मग दुसरी. सगळी फ्रेम ओली करून मग सगळी पुसायला घेऊ नका. साबण लागतो तो मुख्यतः तीन ठिकाणी: नाकावर टेकणारा भाग, कानशिलाला लागणारी काडीची आतली बाजू आणि कानामागचं टोक. सनस्क्रीन आणि डोक्याचं तेल तिथेच साचतं. साबण लागलेल्या जागी नंतर नुसत्या पाण्यात पिळलेल्या कापडाने एकदा पुसा.

लाकूड सगळीकडून सारखं पाणी पीत नाही. बाजूने कमी पितं, कापलेल्या तोंडाने खूप. तोंड उघडं असतं ते काडीच्या टोकाला, बिजागरीजवळच्या कापाला आणि काच बसते त्या खाचेत. या तीन जागांवर ओलं कापड थांबवायचं नाही, वरून फिरवून पुढे जायचं. बांबू वनस्पतिशास्त्राने गवत असला तरी इथे नियम तोच, किंबहुना टोकाला जास्त जपायचं.

तपासणी: पुसल्यावर मिनिटभरात लाकूड मूळ रंगावर यायला हवं. एखादी जागा गडदच राहिली तर तिथे पाणी आत गेलं आहे. काम थांबवा आणि थेट टप्पा 5 वर जा. काच उद्या पुसली तरी चालेल.

## टप्पा 4: काच

काच लाकडानंतर, कारण लाकडावरचा मळ पुसताना काचेवर उडतोच. आधी काच चकचकीत केलीत तर ती पुन्हा करावी लागेल.

काच काढून धुण्याचा मोह टाळा. लाकडी फ्रेमची कडा काचेभोवती गोल फिरते, त्यामुळे कुठेतरी तिच्या रेषा आडव्या तुटतात आणि तिथे ती सर्वांत कमजोर असते. अंगठ्याने काच बाहेर ढकलली की कडा नेमकी तिथे उभी चिरते.

1. गॉगल आडवा धरा, काच जमिनीला समांतर. उभा धरलात तर पाणी खालच्या खाचेत जाऊन साचतं.
2. पुन्हा एकदा फुग्याने हवा मारा.
3. बोटाच्या टोकाने साबणपाण्याचा एक थेंब काचेच्या मधोमध ठेवा. स्प्रे असेल तर तो कापडावर मारा, काचेवर नाही.
4. एका हाताचं बोट काचेच्या मागून आधाराला ठेवा, दुसऱ्या बोटाने थेंब मधून बाहेर पसरवा. कडेच्या थोडं अलीकडे थांबा.
5. काचेच्या पहिल्या कापडाचा कोपरा नुसत्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि साबण उचलून घ्या. दुसऱ्यांदा कापडाची ताजी बाजू घ्या.
6. राहिलेली कड किंचित ओलसर कापसाच्या काडीने, लगेच कोरड्या काडीने.
7. शेवटी दुसरं, कोरडं कापड. दाब नको. डाग जात नसेल तर पुन्हा थेंब ठेवा, जोर वाढवू नका.

तपासणी: काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. इंद्रधनुष्यी पट्टे दिसले तर साबण किंवा तेल उरलंय, वरच्या यादीतली पाचवी पायरी परत करा. पण रंग फक्त कडेला, आतल्या बाजूला दिसत असतील आणि पुसून हलत नसतील तर थर सुटायला लागलेत. यापुढे त्या काचेला थेंबही नको, फक्त ओलसर कापड.

## टप्पा 5: वाळवण

काड्या उघड्या ठेवून, काच वर राहील असा गॉगल टॉवेलवर ठेवा. सावली, पंख्याची हवा, दोन-तीन तास. ऊन नको, हेअर ड्रायर नको. वरचा भाग भराभर वाळतो आणि आतला ओला राहतो, त्या ओढाताणीत भेग पडते. थरांची फ्रेम असेल तर पदर उकलतात.

वाळल्यावर काड्या मिटून बघा. आधी सहज मिटणारी काडी अडत असेल तर लाकूड फुगलंय. आणखी एक दिवस थांबा. घासकागद घेऊन ती जागा घासायला बसू नका. लाकूड वाळून मूळ मापावर येईल तेव्हा तिथे फट पडलेली दिसेल.

## टप्पा 6: तेल, फक्त उघड्या लाकडाला, दुसऱ्या दिवशी

त्याच दिवशी लावलं तर आतला ओलावा तेलाखाली अडकतो. रात्र जाऊ द्या.

तेल कोणतं? घरात खोबरेल असतं, म्हणून तेच लावलं जातं. ते वाळत नाही, कानाजवळ सतत तेलकट राहतं आणि साधारण 24 अंशांखाली गोठत असल्यामुळे थंडीत लाकडाच्या छिद्रांत पांढरं दिसतं. शेंगदाण्याचं आणि मोहरीचं तेल काही दिवसांनी खवट वास मारतं, आणि हा वास नाकापासून दोन बोटांवर असणार आहे. सर्वांत निर्धोक म्हणजे औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन. ते खवट होत नाही. ‘साधं’ हे मुद्दाम सांगतो, कारण पोट साफ होण्यासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या मिश्रणातही ते असतं. ते मिश्रण नको.

थोडी जास्त मेहनत चालत असेल तर एक भाग मधमाशीचं मेण आणि चार भाग लिक्विड पॅराफिन एका वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, थेट गॅसवर ठेवायची गरज नाही. थंड झाल्यावर मऊ मलम होतं. पावसाळ्यात नुसत्या तेलापेक्षा हे बरं.

जवसाचं तेल वाळून कडक होतं आणि दिसतं छान, पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ‘डबल बॉइल्ड’ तेलात वाळवणारी रसायनं असतात. कातडीला दिवसभर टेकणाऱ्या वस्तूला ते लावू नये असं माझं मत. लावलंच तर वापरलेली चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

लावायची रीत: संपूर्ण फ्रेमला दोन थेंब पुरतात. थेंब कापडाच्या कोपऱ्यावर घ्या, लाकडावर ओतू नका. काडीच्या बाहेरून सुरुवात करून रेषांच्या दिशेने चोळा. काचेजवळ कापसाची काडी वापरा आणि दुसऱ्या हाताने काचेवर जाड कागदाचा तुकडा धरा. काच झाकायला चिकटपट्टी लावू नका, काढताना ती कोटिंग घेऊन येते. कापलेल्या तोंडांना, म्हणजे काडीच्या टोकांना, थोडं जास्त. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून टाका आणि रात्रभर ठेवा.

तपासणी: सकाळी काडीवर टिश्यूपेपर दाबा. तेलाचा डाग उमटला तर अजून पुसा. या अवस्थेत घातलात तर कानशिलावर तेल आणि तेलावर धूळ.

दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. लाकूड फिकं, कोरडं दिसू लागलं की समजायचं. कोकणात नि मुंबईत पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. विदर्भात उन्हाळ्यात थोडं लवकर.

## ठेवायचा कुठे

गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या वर जाऊ शकतो. त्यात लाकूड सुकतं, थरांचा डिंक मऊ पडतो आणि काचेचं कोटिंग तडकतं. डोक्यावर चढवूनही ठेवू नका, काड्या फाकतात आणि केसांचं तेल काचेवर येतं. काढताना दोन्ही हात लावा.

पावसाळ्यात घामेजलेला गॉगल तसाच डबीत बंद केला की बुरशी येते. बाहेरून येताच पुसा, तासभर उघडा ठेवा, मग डबीत. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी डबीत टाका. डांबरगोळी नको, तिची वाफ प्लास्टिकला बरी नाही. बुरशी धरलीच तर गॉगल घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, मग टप्पा 3. डबीही आतून पुसून उन्हात ठेवा. तिला ऊन चालतं. ती तशीच राहिली तर आठवड्यात बुरशी परत येते.

सनस्क्रीन, अत्तर, डास पळवायचं मलम आधी लावा, मुरू द्या आणि हात धुऊन मग गॉगल घाला.

## दुकानात देताना

चष्म्याच्या दुकानात फ्रेम सैल किंवा घट्ट करून द्यायला सांगितलं की कारागीर सवयीने ती हीटरवर धरतो. ॲसिटेट गरम केल्यावर वाकतं, साधी लाकडी काडी वाकत नाही, जळते किंवा तडकते. तसंच सफाईसाठी ती अल्ट्रासॉनिक मशिनच्या पाण्यात बुडवली जाते. म्हणून फ्रेम हातात देतानाच सांगा: लाकूड आहे, गरम करायचं नाही, बुडवायचं नाही. नोजपॅड असतील तर ते सरकवून, किंवा बिजागरीच्या धातूच्या भागात जे होईल तेवढंच करून घ्या.

## समुद्रात पडला तर

गोव्याला किंवा अलिबागला हे होतंच. इथे नळाखाली न धरण्याचा नियम मोडायचा, कारण मीठ पाण्यापेक्षा वाईट. दहा-पंधरा सेकंद गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, झटका, टिपून घ्या. काचेला कापड लावू नका. सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, पीठ बिजागरीत बसतं. लाकूड उघडं असेल तर पूर्ण वाळल्यावर तेल.

## भेग पडली तर

काडीवर केसाएवढी भेग असेल आणि दोन्ही बाजू अजून जुळत असतील तर ती घरी होते. भेगेत तेल गेलेलं नको, तेलकट लाकडाला डिंक धरत नाही. टूथपिकने सुतारकामाचा पांढरा फेविकॉल आत भरा, जादा लगेच ओलसर कापडाने पुसा, भेगेवर प्लास्टिकचा कागद गुंडाळून वरून दोरा घट्ट आवळा आणि 24 तास हात लावू नका. बंद लाकूड असेल तर वर लॅकरचा बारीक हात द्यावा लागेल, नाहीतर त्या जागेतून पाणी पीत राहतं. घासकागद मारायचा असेल तर 600 नंबरचा, दोन-चार हलके हात, आणि थरांच्या फ्रेमवर अजिबात नाही. वरचा थर एक मिलिमीटरहून पातळ असतो आणि खालचं वेगळ्या रंगाचं लाकूड उघडं पडतं.

भेग काचेच्या खाचेपर्यंत गेली असेल तर डिंक लावू नका. काच आतून सतत बाहेर रेटत असते, जोड टिकत नाही. पुढचा भाग बदलून मिळतो का ते विकणाऱ्याला विचारा, आणि तोवर गॉगल घालू नका. काच निसटेल ती नेमकी चालत्या बाइकवर.